इज की वॉज?

(कट्टा इथे एका संध्याकाळी झालेल्या गप्पांचं हे शब्दांकन. ऐकण्याऐवजी वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलण्यातलं मालवणी तसंच ठेवलं आहे.)

मागे ऐकू येतंय? पंखा जरा कमी करा कोणीतरी, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये पंखाच ऐकू येईल.

मला बोलावताना सांगितलं होतं, ‘काहीतरी प्रेरणादायी बोल.’ ते मला जमणार नाही. मी जवळजवळ दोन वर्षं श्रीलंकेच्या उत्तरेला, किलिनोच्ची जिल्ह्यात शिकवत होते. तिथे मी काय केलं असं विचारलंत तर खरं उत्तर एवढंच, की मी इंग्रजीचे टेन्स शिकवले. त्यातही एक टेन्स मी चुकीचा शिकवला. आजचं बोलणं त्या चुकीबद्दल आहे.

मी इथलीच. कॉलेजला कोल्हापुरात होते तेव्हा कोणी ‘गाव कुठलं?’ विचारलं की मी म्हणायचे, ‘कट्टा.’ समोरचा म्हणायचा, ‘अगं, गाव विचारलं, कुठे बसता ते नाही!’ (हशा) तुमच्यापैकी निम्म्यांनी हे ऐकलं असणार. आमचं घर ख्रिश्चन, आजोळ मालवणच्या किनाऱ्यावर. बी.एड. झालं, दोन वर्षं एका शाळेत तासिका तत्त्वावर काढली. पगार कधी यायचा, कधी नाही. तेव्हाच चर्चमधून एक गोष्ट कळली. सिस्टरांची एक संस्था श्रीलंकेच्या उत्तरेत मुलींचं वसतिगृह चालवते आणि त्यांना संध्याकाळच्या वर्गासाठी इंग्रजी शिकवणारी माणसं हवी आहेत. पगार नाही. राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च. मी सिस्टर नाही, होणारही नव्हते. साधी स्वयंसेवक. तरी तो काळ तुम्ही त्यांच्या घरात, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळा पाळत राहायचं.

का गेले? सेवाभाव होता, खोटं नाही बोलत. पण तासिका तत्त्वाचा कंटाळा होता, आणि वय चोवीस होतं. हे तीन्ही धरा.

आईची प्रतिक्रिया सांगते. ‘डोक्या फिरला काय गो तुजा? आखो कोकण पडलो हा शिकवूक, आणि तू लंकेक जातंस?’ युद्ध २००९ मध्ये संपलंय, मी म्हटलं. तिने उलट मला फादर अॅलेक्सिस प्रेमकुमारांची आठवण करून दिली. हे तमिळनाडूचे जेझुइट धर्मगुरू, अफगाणिस्तानात जेझुइट रेफ्युजी सर्व्हिसचं काम बघायचे. जून २०१४ मध्ये हेरातजवळ एका शाळेच्या भेटीला गेले असताना त्यांचं अपहरण झालं, फेब्रुवारी २०१५ मध्ये सुटका झाली. त्या आठ महिन्यांत आमच्या चर्चमध्येही त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची. आई म्हणाली, ‘तेंच्यासाठी मी गुडघे टेकलंय. तुज्यासाठी टेकूची पाळी आणू नको.’ या वाक्याला उत्तर नसतं. मी गेले ते तिला पटवून नव्हे, तिला दुखवून गेले.

जानेवारी २०१८. कोलंबोहून रेल्वेने किलिनोच्चीला उतरले. ही लाइन युद्धात उखडली गेली होती. रूळसुद्धा उरले नव्हते. ती परत टाकली आपल्या इरकॉन कंपनीने. २०१३ मध्ये गाडी किलिनोच्चीपर्यंत आली, पुढच्या वर्षी जाफन्याला. स्टेशनवरून आम्ही परंतन-मुल्लैतीवू रस्त्याला लागलो. खिडकीतून बघितलं आणि मला क्षणभर वाटलं, अरे, हे तर आपलंच. माड, केळी, कुंपणाला लावलेली झापं. मग लक्षात आलं की काही माडांना शेंडाच नाही. नुसते खांब उभे. तोफांच्या माऱ्यात शेंडे उडालेले. कोकणातल्या माणसाला घर पडलेलं दिसतं तेवढंच पडलेला माडही दिसतो. सोबतच्या सिस्टर घरांकडे बोट दाखवून सांगत होत्या, मी माड मोजत होते.

त्या शेतांच्या कडेला लाल पाट्या होत्या, कवटीचं चित्र आणि खाली तमिळमध्ये ‘मिदिवेडी’. सुरुंग. मिदि म्हणजे तुडवणं, वेडी म्हणजे स्फोट. तुडवलं की फुटणारं. हे मी शिकलेलं पहिलं तमिळ नाम. आणि सुरुंग काढणाऱ्यांत गावातल्याच कितीतरी बायका आहेत. सकाळी डबा घेऊन कामाला जातात, आपल्याकडे काजूच्या कारखान्यात जातात तशा.

थोडक्यात मागचं सांगते, कारण मी जाण्याआधी मलाही नीट माहीत नव्हतं. युद्ध १९८३ ते २००९, सव्वीस वर्षं. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला तमिळ वाघ, एलटीटीई. शेवटच्या महिन्यांत लाखो माणसं मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावरच्या एका चिंचोळ्या पट्टीत अडकली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये म्हटलं की त्या शेवटच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात. जगले त्यांना छावण्यांत ठेवलं. सगळ्यात मोठी मेनिक फार्म, ती २०१२ मध्ये बंद झाली. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली तारेच्या कुंपणाआड चालायला-बोलायला शिकल्या होत्या किंवा तिथे त्यांचं पहिलं शाळेचं वर्ष गेलं होतं.

आणि आपण. आपणही त्यात होतो. भारतीय शांतिसेना जुलै १९८७ मध्ये गेली, मार्च १९९० मध्ये परत आली. आपले सुमारे बाराशे जवान तिथे गेले. जाफन्याच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्री होती, महार रेजिमेंट होती. आपल्याकडे या गोष्टीची आठवण शहीद जवानांची आहे, आणि ती असायलाच हवी. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे दुसरी आठवण आहे, त्यांच्या घरांत घुसलेल्या सैन्याची. गावातल्या एका आजोबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘इंडिया?’ मी हसून मान हलवली. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘रेल्वे इंडियाने केली. घरं इंडियाने दिली. माझा भाऊ...’ आणि तिथेच थांबले. मी पुढे विचारलं नाही. कुठेही स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर आधी हे वाचून जा, आपला देश तिथे काय करून आलाय. तुम्ही एकट्या उतरत नाही, तुमचा पासपोर्टही तुमच्याबरोबर उतरतो.

आता रुळण्याबद्दल, कारण बरेच जण तेच विचारतात.

जेवणाचा प्रश्न आलाच नाही. पहिल्या सकाळी ताटात शिरवाळे! ते त्याला इडियाप्पम म्हणतात. आपण शिरवाळे गुळाच्या नारळरसात खातो, ते हळद घातलेल्या तिखटसर नारळाच्या दुधात, त्याला सोदी म्हणतात. मी सहा खाल्ले. स्वयंपाकघरातल्या अक्कांनी त्या दिवशीच मला पास केलं.

भाषेचं मात्र हसं झालं. मी यूट्यूबवर आणि सिनेमे बघून तमिळ शिकले होते, म्हणजे चेन्नईचं. तिकडे बोलणं म्हणजे ‘पेसु’. पहिल्या वर्गात मी मोठ्या प्रेमाने सांगितलं, ‘मी रोज तुमच्याशी पेसणार आहे.’ मुली गप्प. एकीच्या डोळ्यांत पाणी. नंतर कळलं की श्रीलंकेच्या तमिळमध्ये पेसणं म्हणजे झापणं! बोलण्याला ते ‘कदै’ म्हणतात. आपली कथाच की. म्हणजे इकडे दोन माणसं बोलली तरी ती कथा. मला तो शब्द इतका आवडला की पुढे महिनाभर मी उगाचच कदैत होते.

आणि धर्म. वसतिगृह सिस्टरांचं असलं तरी मुली बहुतेक शैव हिंदू. पहाटे आमची प्रार्थना, संध्याकाळी त्यांची. आम्ही धर्माबद्दल शिकवायचं नाही हा नियम होता आणि तो मला पटला. तरी गावात कुजबुज होतीच, की ही इंडियातून आलेली नक्की काय करायला आलीय? एक आजी, तिच्याबद्दल पुढे सांगणार आहे, पहिल्या भेटीत काही न बोलता माझ्या कपाळाला विभूती लावून मोकळी झाली. ती परीक्षा होती. मी पुसली नाही. त्यात मोठेपणा काही नाही हो, चतुर्थीला शेजारच्या गणपतीसमोर फुगड्या घातलेली पोर मी.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात संत जोसेफ वाझ यांचं चित्र होतं. आमच्या घरीही आहे. ते आपल्याच बाजूचे. जन्म १६५१, गोव्यात बाणावलीला. आपण इकडे त्यांच्यासाठी मेणबत्ती लावतो, पण त्यांची गोष्ट मला तिकडे, त्या व्हरांड्यात बसून कळली. डचांनी १६५८ पर्यंत पोर्तुगीजांना त्या बेटावरून हाकललं आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. लढाईत उद्ध्वस्त झालेला किनारा, आणि तिथले कॅथलिक लोक लपूनछपून जगतायत. गोव्यातल्या या माणसाला ते कळलं आणि तो स्वतःहून निघाला. कोणी पाठवलं म्हणून नाही. १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले ते आजारी, अतिसाराने अर्धमेले. सोबत जॉन नावाचा एक मुलगा होता, त्याने शुश्रूषा केली. मग गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले, माळ ओळखून कोण दार उघडतं ते बघायला. १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात शिरले तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत. तिथे काय केलं? सिंहली शिकले. मागाहून, १७०५ मध्ये, दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्विस गेले, त्यांनी तर सिंहलीत आणि तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. वाझ १७११ मध्ये कँडीतच वारले, गोव्याला परत आले नाहीत. २०१५ च्या जानेवारीत कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

ते धर्म सांगायला गेले, मी टेन्स शिकवायला. तुलना नाही करत. पण पहिले काही महिने मला वाटायचं की मी इथे काही देत नाहीये, नुसती खातेय, चुका करतेय, आजारी पडतेय. डेंग्यू झाला तेव्हा त्याच अक्कांनी पंधरा दिवस पेज भरवली. तेव्हा व्हरांड्यातलं चित्र बघून बरं वाटायचं. हा माणूसही आल्या आल्या झोपूनच होता!

आता त्या चुकीकडे येते.

नववीच्या मुलींना मी निबंध दिला. ‘माय फादर.’ आपल्याकडे प्रत्येक शाळेत असतो, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आता सांगताना अंगावर काटा येतो की मला खरंच काहीच वाटलं नाही. पंचवीस मुली. वर्ग एकदम शांत झाला, मला वाटलं मन लावून लिहितायत.

एका मुलीने सुंदर लिहिलं होतं. माझे वडील उंच आहेत. ते सायकल दुरुस्त करतात. त्यांना भेंडी आवडत नाही. आणि शेवटी एक वाक्य, मी त्यांना २००९ पासून पाहिलेलं नाही. मला वसतिगृहाच्या यादीतून माहीत होतं की तिचे वडील नाहीत. मी काय केलं? लाल पेन घेतलं आणि प्रत्येक ‘इज’ खोडून ‘वॉज’ केलं. ‘लाइक्स’चं ‘लाइक्ड’ केलं. खाली शेरा लिहिला, ‘छान! भूतकाळाकडे लक्ष दे.’

सात ठिकाणी लाल. मी मोजलंय, नंतर.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली नाही. शनिवार-रविवार घरी गेली ती सोमवारी परत आलीच नाही. तिथल्याच एक तमिळ शिक्षिका मला घेऊन तिच्या गावी गेल्या. वाटेत त्यांनी मला समजावलं, न चिडता. मे २००९ मध्ये, युद्धाच्या अगदी शेवटी, कित्येक माणसांनी मुल्लैतीवूजवळ वट्टुवाकलला सैन्यासमोर शरणागती पत्करली. बायकोने नवऱ्याला, आईने मुलाला स्वतःच्या हाताने नेऊन स्वाधीन केलं, चौकशी करून सोडतील या भरवशावर. ते बसमध्ये चढले. पुढे कुठे गेले ते घरच्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्यात एक धर्मगुरूही होते, फादर फ्रान्सिस जोसेफ, जाफन्याच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजचे पूर्वीचे रेक्टर. शरण जाणाऱ्यांच्या सोबत ते राहिले आणि त्यांच्याबरोबरच बसमध्ये गेले. तेही परत आले नाहीत. ‘ते इंग्रजी शिकवायचे,’ बाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःला दुरुस्त केलं, ‘शिकवतात.’

अॅम्नेस्टीचा अंदाज असा की १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या देशात साठ हजार ते एक लाख माणसं अशी नाहीशी झाली आहेत. तिथे त्यांना ‘हरवलेले’ म्हणत नाहीत. तमिळमध्ये शब्द आहे ‘काणामल आक्कप्पट्टवर’, म्हणजे ज्यांना दिसेनासं केलं गेलं ते. क्रियापद बघा. आपोआप झालेलं नाही, कोणीतरी केलेलं. सरकारने २०१६ मध्ये अशा कुटुंबांसाठी ‘अनुपस्थितीचं प्रमाणपत्र’ आणलं, कारण मृत्यूचा दाखला घ्यायला लोक तयार नव्हते. दाखला घेतला की माणूस कागदावर मरतो. मग ‘कुठे नेलंत?’ हा प्रश्नही मरतो. मी लाल पेनाने नेमकं तेच केलं होतं. सरकारला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते मी सात फटकाऱ्यांत केलं.

मुलीच्या घरी पोचलो. घर नवं होतं, पण दरवाजा विचित्र बाजूला, रस्त्याकडे पाठ करून मागच्या पाणंदीकडे. मी विचारलं नव्हतं, आईनेच सांगितलं. जुन्या घराचं दार तिकडेच होतं. रस्ता नंतर झाला. त्यांना जुनीच वाट माहीत आहे, दार दिसलं नाही तर पुढे निघून जातील. गवंड्याने वेड्यात काढलं, पण तिने ऐकलं नाही.

ओसरीवर आजी बसली होती. विभूतीवाली. माझ्याकडे बघून ती एकच शब्द म्हणाली, ‘वरुवार.’

म्हणजे ‘येतील’.

आणि मला माझी मामी आठवली.

माझा मामा खलाशी होता. बघा, मी ‘होता’ म्हणतेय. ११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. कोकणच्या किनाऱ्यावरच्या किती बोटी परत आल्या नाहीत. मामाची आली नाही. कोणाचं शरीर नाही, फळकूट नाही. सात वर्षं पत्ता लागला नाही की कायदा माणूस मेला असं धरून चालतो. २०१६ मध्ये घरच्यांनी मामीला सांगितलं, अर्ज कर, पैसे मिळतील, जमिनीचं मार्गी लागेल. तिने केला नाही. ती म्हणते, ‘येतलो.’ मामा समुद्रावर जाताना मोबाईल घरीच ठेवून गेला होता. तो नंबर ती आजही दर महिन्याला रिचार्ज करते. मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, मामी, फोन तर तुझ्याकडे, रिचार्ज कशाला? ती म्हणाली, ‘तेका आपलोच नंबर पाठ आसा. खयसून फोन करतलो तर हेच्यारच करतलो.’

पाठ आसा. होतो नाही, आसा.

हे सगळं मला माहीत होतं. मी त्या घरात वाढले. ‘येतलो’ ऐकत लहानाची मोठी झाले. आणि तरी वर्गात उभी राहिल्यावर मी बी.एड.वाली बाई झाले. याचं मला आजही नीट उत्तर सापडत नाही. बहुतेक असं, की परक्या देशात गेल्यावर आपण आपलं घर दाराबाहेर काढून ठेवतो. वाटतं, इथली दुःखं वेगळी, मोठी, आंतरराष्ट्रीय. मग शेजारच्या घरातलं जे ओळखीचं असतं तेच ओळखू येत नाही.

मी माफी मागितली. फुटक्या तमिळमध्ये. गडबडीत ‘मी चुकीचं बोलले’ऐवजी ‘चुकीचं पेसले’ असं म्हणून गेले, म्हणजे ‘मी तुला विनाकारण झापलं’. मुलगी पहिल्यांदा हसली. म्हणाली, ‘टीच्चर, हा शब्द आज बरोबर वापरलात.’

ती बुधवारी परत आली. वही आणली नाही. ती वही मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतर लाल पेन बंद केलं. व्याकरण शिकवलंच, परीक्षेत टेन्सला मार्क असतात आणि अकरावीच्या शेवटी होणारी ओ-लेव्हल परीक्षा कोणाच्या दुःखाकडे बघून सूट देत नाही. पण क्रियापदाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं आणि मुलीला जवळ बोलावून विचारायचं, तुला काय म्हणायचंय? कधी ती म्हणायची, ‘चुकलं टीच्चर, वॉज हवं.’ कधी म्हणायची, ‘नाही, इजच.’ मग इजच.

त्या मुलीची आई किलिनोच्ची शहरात धरण्याच्या मंडपात जाऊन बसायची. नाहीशा केलेल्यांच्या घरच्या बायकांनी २० फेब्रुवारी २०१७ ला कंदस्वामी देवळापाशी धरणं धरलं ते उठलंच नव्हतं. पाळीपाळीने बसायच्या, मांडीवर फोटो घेऊन. मला जायचं होतं. मी गेले नाही. माझा व्हिसा शिकवण्यासाठीचा, साध्या कपड्यांतले लोक वसतिगृहात येऊन नावं विचारून जायचे, माझ्यामुळे सिस्टरांना त्रास झाला असता. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी बसमधून मंडपासमोरून जाताना मी मोबाईलमध्ये बघायचे, तेही खरं आहे. एकदा तिच्या आईनेच सांगितलं, ‘तुम्ही येऊ नका. तुम्ही शिकवा. ती इंग्रजीत पत्र लिहायला शिकू दे, आम्हाला जिनिव्हाला पत्रं पाठवायची असतात.’ तेव्हापासून मी औपचारिक पत्रलेखन जास्त शिकवलं.

मे महिन्यात तिकडे पेज वाटतात. मुल्लिवाइक्कालच्या त्या किनाऱ्यावर शेवटच्या आठवड्यांत खायला काही नव्हतं, तांदळाची पातळ पेज तेवढी मिळायची, तीही रांगेत, आणि रांगेवर तोफगोळे पडायचे. म्हणून १८ मेच्या आसपास गावागावांत पेज करून नारळाच्या करवंटीत वाटतात. काही घालत नाहीत त्यात. मला करवंटी दिली तेव्हा मी सवयीने लोणचं शोधायला लागले. आपण पेज आजारपणात खातो, उन्हाळ्यात सुक्या बांगड्याबरोबर मजेत खातो. ती पेज मी उभ्यानेच प्यायले. घरी आल्यापासून आईने पेज केली की मी दोन मिनिटं नुसती बघत बसते. ती म्हणते, थंड होतली.

२१ एप्रिल २०१९. ईस्टरचा रविवार. आम्ही मिस्सा संपवून चहा घेत होतो तेव्हा फोन आले. कोलंबोत कोच्चिकडेच्या सेंट अँथनी चर्चमध्ये स्फोट, नेगोम्बोजवळ सेंट सेबास्टियनमध्ये स्फोट, मट्टक्कळप्पूला झायन चर्चमध्ये, मग मोठी हॉटेलं. अडीचशेहून जास्त माणसं गेली. संचारबंदी लागली, फेसबुक, व्हॉट्सअॅप बंद केलं गेलं. इकडे कट्ट्याला आई ईस्टरची मिस्सा करून घरी येते, टीव्ही लावते, आणि मला फोन लावते तर लागत नाही. साडेचार तास. ती त्या साडेचार तासांबद्दल अजून बोलत नाही. रात्री साध्या फोनवर बोलणं झालं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. विचारलं, ‘जेवलंस काय गो?’ मग म्हणाली, ‘घराक ये.’

संस्थेने आम्हाला सांगितलं, ज्यांना परत जायचंय त्यांनी जावं, कोणी नावं ठेवणार नाही. माझ्याबरोबरची एक गेली. तिला कोणी भित्री म्हणू नका, तिचे वडील हृदयविकाराचे पेशंट होते. मीही बॅग काढली होती. पलंगावर उघडी होती.

त्या संध्याकाळी संचारबंदीत पाणंदीतून आजी आली. नातीला सोबत घेऊन, डब्यात पुट्टू. तिने उघडी बॅग बघितली, काही बोलली नाही. माझा पलंग खिडकीपासून लांब ओढायला लावला. चपला दाराशी सरळ ठेवल्या, पाय घालून पळता येईल अशा. चार्जिंग, पाणी, पासपोर्ट एका पिशवीत. सव्वीस वर्षांचा सराव होता तिचा. मग विचारलं, ‘साप्पिट्टीया?’ जेवलीस का? दोन तासांत दोन बायकांनी दोन देशांत मला तेच विचारलं होतं.

मी राहिले. शाळा काही आठवडे बंद होत्या, वर्ग वसतिगृहातच घेतले. मी राहिले ते धैर्याने की त्या पुट्टूच्या लाजेने, सांगता येत नाही. आईला मात्र ते दुसऱ्यांदा दुखवणं होतं आणि त्याचा हिशोब अजून माझ्याकडे बाकी आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये परत आले. तुमच्यापैकी कोणाला असं कुठे जायचं असेल, तर व्हिसाचं, विम्याचं, संस्था कशी पारखायची त्याचं कार्यक्रमानंतर विचारा, लिहून देईन. दोनच गोष्टी आत्ता सांगते. मुलांचे फोटो इन्स्टावर टाकायचे नाहीत, एकही नाही. आणि पहिले तीन महिने ‘तुझ्या घरी कोण कोण असतं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ते सांगतील तेव्हा सांगतील.

आल्यावर मी मालवणला मामीकडे गेले. ती पडवीत बसून बांगडे साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं. निबंध, लाल पेन, आजीचं ‘वरुवार’. ती खाली मान घालून ऐकत होती, हात चालू. मला वाटलं तिला तो देश कुठे आहे हेही नीट समजलं नसेल. दाराची गोष्ट आली तेव्हा तिचा हात थांबला.

‘नव्या घराचा दार जुन्याच बाजूक ठेवल्यान?’

‘होय.’

‘बरा केल्यान,’ मामी म्हणाली, आणि पुढचा बांगडा घेतला.